उडवी कवेत घेणारी गोदाकाकी

गोदाकाकी कुणाच्याही घरी गेली की पुढच्या दाराने आत जात नसे. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेने वळसा घालून ती आधी घरामागे जायची. तिथे रचलेल्या गवताच्या उडवीला दोन्ही हात पसरून मिठी मारायची, थोडी सरकून पुन्हा मिठी मारायची, असं करत एक पूर्ण फेरी घालायची आणि मगच पदराने तोंडावरची कुसळं पुसत ओटीवर येऊन पाणी मागायची. काकीला मी आधीपासून ओळखत होते, तरी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, बाई भाविक आहे, ह्यांच्याकडे उडवीचीही पूजा होत असेल. तेवढ्यात आमची सुमनवैनी चुलीजवळून पुटपुटली, "इली मोजणी अधिकारी."

सुमनवैनी म्हणजे बाबी परबांची बायको. मालवण तालुक्यातल्या त्या वाडीतल्या प्राथमिक शाळेत मी शिकवायला होते आणि परबांच्या पडवीतल्या खोलीत राहत होते. माझं गाव विजयदुर्गाकडचं, खाडीकाठचं. आमच्याकडे टोपलीत नुसतं डोकावून मासळीचा अंदाज सांगणारी माणसं आहेत, पण गवताला मिठी मारून मोजणारं कुणी नव्हतं. माझी बदली झाल्यावर, पुढच्या वर्षी, सुमनवैनीने फोन करून गोदाकाकी गेल्याचं सांगितलं. बोलता बोलता ती म्हणाली, "आता मागच्या दाराक कोण येणा नाय गो बाईनू." मी काहीतरी निमित्त काढून फोन ठेवला.

गोदाकाकी ठेंगणी, रुंद खांद्यांची. आयुष्यभर डोक्यावर गवताचे भारे वाहून तिची मान अशी ताठ झाली होती की कुणाकडे बाजूला बघायचं तर तिला सगळं अंग वळवावं लागे. त्यामुळे ती नुसती बघते आहे की भांडायला वळली आहे, हे लवकर कळत नसे. बहुतेक वेळा ती भांडायलाच वळलेली असे. माणसांची ओळख ती गोठ्यावरून ठेवायची. माझ्या वर्गातली तन्वी गॅदरिंगमध्ये छान नाचली असं मी कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, "खंयची तन्वी? हां, ती. एक गाय, गाबण."

तिचे यजमान आबा ओटीवर बसून सुपारी कातरत असायचे. संसारात त्यांचं मुख्य काम म्हणजे शेरे मारणं. एकदा माझ्यासमोरच ते म्हणाले, "लगीन झाल्यापासून माका कधी अशी मिठी मारूक नाय हिणा."

"तुमका मिठी मारून काय कळतला?" काकी म्हणाली. "किती दिवस पुरशात, ता?"

हा मोजणीचा उद्योग तिने का सुरू केला, ते सांगायचं तर आधी वाडी सांगावी लागेल. वर कातळाचा सडा, खाली भाताचे मळे आणि मधल्या उतारावर घरं. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत कापायचं, भाताचा पेंढा झोडून घ्यायचा आणि दोन्ही मिळून घरामागे खांबाभोवती गोल उडवी रचायची. पुढच्या पावसात हिरवं गवत हाताला लागेपर्यंत गोठ्याला तोच आधार. पूर्वी हे जमत होतं. आता सड्यावर काजू लावले, त्यामुळे गवत कमी झालं. मुलं गोव्याला नोकरीला गेली, त्यामुळे मळे पडीक राहिले आणि पेंढाही कमी झाला. दुसरीकडे डेअरीची गाडी रस्त्यावर येऊ लागली म्हणून म्हशी वाढल्या. तरी सगळी वाडी मिळून बघितली तर गवत अगदीच अपुरं होतं असं नाही. एका घरी म्हातारा-म्हातारी आणि एक गाय, त्यांची उडवी पावसात कुजायची. शेजारच्या घरी चार जनावरं आणि फाल्गुनातच खडखडाट. गंमत म्हणजे दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नसायचं, कारण दुसऱ्याच्या उडवीत किती आहे हे विचारायचं नाही, अशी तिथली रीत. विचारलं तर दृष्ट लागते. हल्ली माणसं जेवणाच्या ताटाचेसुद्धा फोटो गावभर पाठवतात, पण उडवीचा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

गोदाकाकीही आधी ही रीत पाळायची. एका वर्षी मात्र ती ओरोसला जायला निघाली. जिल्ह्याच्या ऑफिसात चाऱ्याचं काही मिळतं, असं तिने ऐकलं होतं. मला म्हणाली, "बाईनू, तुमी शुद्ध बोलतास, माज्या वांगडा चला." तिथे गेल्यावर मला बोलायची संधीच मिळाली नाही. तिने स्वतःच ठेवणीतली भाषा काढली, "साहेब, आमच्या वाडीमध्ये गुरं आहेत आणि गवत नाही आहे. तरी ह्याचा आपण मेळ घालावा."

साहेब चांगले होते. त्यांनी बसायला सांगितलं आणि विचारलं, "जनावरं किती?" काकीने एकेका घराचं नाव घेऊन, गाभण कोण, दुभती कोण, भाकड कोण, असं सगळं म्हणून दाखवलं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "छान. आणि चारा किती आहे?"

 इथे काकीची ठेवणीतली भाषा संपली. "तां कसा सांगतलय साहेब? दुसऱ्याची उडवी कोण इचारता?"

"मग कमी किती पडतो ते मी कसं धरायचं, मावशी?" ते म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

 परत येताना एसटीत, मी काही विचारलेलं नसताना, ती माहेरचं सांगू लागली. तिचं माहेर घाटाच्या पायथ्याला. ती लहान असताना एका उन्हाळ्यात घरातलं गवत संपलं आणि तिच्या वडिलांनी गाय सोडून दिली. डोंगरात जाऊन काय मिळेल ते खाईल म्हणून. "बापाशीन दावा सोडल्यान आनी वर हाकलल्यान तिका," काकी म्हणाली. "ती गो परत परत दारात येय होती. शेवटाक तेनी दगड मारल्यान. मी थंयच उभी होतंय." नंतर कळलं की वरच्या वाडीतल्या एका घरात त्या वर्षी गवत उरलं होतं. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला तेव्हा ती डोळे पुसून म्हणाली, "आता मी इचारतलयच."

पण विचारून कोण सांगणार? म्हणून ती मिठी मारू लागली. उडवीचा घेर तिच्या किती मिठ्या भरतो, त्यावरून आत गवत किती आणि ते गोठ्याला कधीपर्यंत पुरेल, हे ती ठरवायची. पहिल्या वर्षी फार गोंधळ झाला. कुणी उडवीला लिंबू-मिरची टांगली. एका घरच्या सासूने तर तिची पाठ वळताच मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. काकीने तेव्हापासून कमरेला काजळाची डबी ठेवली. मोजून झालं की उडवीच्या खांबाला ती स्वतःच काळं बोट लावायची आणि म्हणायची, "घे, दिष्ट लागूची नाय. आता चाय घाल."

शिमग्याच्या आधी देवळाच्या सभामंडपात ती सगळ्यांना बोलवायची. कुणाकडे उरेल आणि कुणाला कमी पडेल, हे तोंडावर सांगायची. उरणाऱ्याने कमी पडणाऱ्याला द्यायचं. त्याच्या बदल्यात शेणखत, दूध किंवा लावणीला माणूस, जे ज्याला जमेल ते. एवढं करूनही मेळ बसत नसला तर ती जनावर कमी करायला सांगायची, आणि तेही उन्हाळ्याच्या आधी, जनावर अंगाने भरलेलं असताना. लक्ष्मण घाडीने एक भाकड म्हस नुसती शोभेला ठेवली होती. काकीने ती विकायला सांगितली तेव्हा तो उसळला, "म्हस माजी, गवत माजा. तू कोण गो?"

"तुजा गवत होळयेक सपतला," काकी सबंध अंगाने त्याच्याकडे वळून म्हणाली. "मगे तू माज्या दारात येतलस. मी कोण ता तेवा तुका कळतला."

त्याने चार दिवस धुसफुस केली आणि म्हस विकली. त्या उन्हाळ्यात वाडीतल्या कुणाचाच गोठा उपाशी राहिला नाही. त्याबद्दल काकीचे आभार वगैरे कुणी मानले नाहीत. फक्त पुढच्या दिवाळीनंतर ती दिसली की लोक मागच्या दाराचा कुत्रा बांधून ठेवू लागले.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर लातूरकडचे होते, वयाने तरुण. त्यांना काकीचं हे काम मनापासून आवडायचं. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "काकी, एखादी उडवी मधून उपसून बघत जा. मिठीत घेर कळतो, आत काय आहे ते कळत नाही."

"उडवी काय फणस आसा, चीर देवन बघूक?" काकी म्हणाली. सगळे हसले, डॉक्टरही हसले आणि ती गोष्ट तिथेच राहिली. तिला आपल्या हातांची घमेंड होती, हे मला सांगितलंच पाहिजे.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी वाडीत एकाच वेळी तीन मुलांची लग्नं ठरवायची होती. गावात राहून शेती करणाऱ्या मुलाला हल्ली मुलगी मिळणं किती कठीण, ते वेगळं सांगायला नको. मुलीकडची माणसं घर बघायला येणार म्हणजे मागची उडवी भरदार दिसली पाहिजे, हा तिथल्या आयांचा जुना हिशेब. उडवी मोठी म्हणजे जमीन मोठी आणि गोठा भरलेला. मग त्या आयांनी, एकमेकींना कळू न देता, एकच युक्ती केली. खांबाभोवती काजूचा पातेरा, म्हणजे वाळून गळलेली पानं, आणि सुकलेली झावळं रचली आणि बाहेरून गवताचा जाड थर दिला.

त्या उडव्या बघून काकी हरखून गेली. तिचे हात पुरेनात. "औंदा गवतच गवत आसा," असं सांगत ती वाडीभर फिरली. नेमकी त्याच वर्षी आमच्या बाबीने म्हस विकायची ठरवली होती. त्याने सड्यावरच्या आपल्या तुकड्यात काजू लावल्यामुळे घरचं गवत थोडं निघालं होतं. म्हस एकच, पण चांगली दुधाची आणि गाभण. घरात रोज येणारा पैसा तिच्याच दुधाचा. गिऱ्हाईकही दाराशी आलं होतं. काकीने त्याला खळ्यातूनच वाटेला लावलं आणि बाबीला म्हणाली, "इकू नको. पावसाआदी व्यातली ती. गवत मोप आसा वाडीत, तेवडा मी बघतंय." बाबीने तिचं ऐकलं. तिचं न ऐकण्याचं काही कारणच नव्हतं.

चैत्रात बाबीच्या घरचं गवत संपलं. ठरल्याप्रमाणे सुमनवैनी त्या तीन नवरदेवांपैकी एकाच्या, लक्ष्मण घाडीच्या, घरी गवत आणायला गेली. शाळा सुटली होती म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. लक्ष्मणाची आई उडवीच्या आड उभी राहिली आणि आज नको, उद्या ये, असं करू लागली. तेवढ्यात गोदाकाकी आली. तिने म्हातारीला हाताने बाजूला केलं, उडवीत खोल हात घातला आणि बाहेर काढला तो मूठभर काजूची पानं घेऊनच. आता इथे महाभारत होणार, असं मला वाटलं. पण काकीने त्या पानांकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं आणि विचारलं, "सोयरीक जुळली?"

"खंयची गो!" म्हातारी रडवेल्या आवाजात त्या मुलीचं सांगू लागली. "चेडू इला, उडवी बघूक पन नाय. हय मोबाईलाक रेंज येता काय, इतक्याच इचारल्यान."

काकी हसली. आम्ही सगळ्याच हसलो. मग ती उरलेल्या दोन नवरदेवांच्या घरी गेली आणि तिथे तोच पातेरा हाताला लागल्यावर तिचं हसू गेलं.

घाटावरच्या कडब्याचा टेम्पो सांगून झाला. पण तिकडेही ओढ होती, आज येतो उद्या येतो असंच चाललं. बाकीच्या घरांनी फणसाचा पाला, केळीच्या खोडाचे सोप असं काहीबाही घालून दिवस ढकलले. बाबीच्या म्हशीला ते भागण्यासारखं नव्हतं. तिच्या पोटात वासरू वाढत होतं आणि वरून तिची हाडं दिसायला लागली होती. डॉक्टर येऊन गेले. वैरण मिळाली नाही तर म्हस व्यायला टिकेल असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. विकायची सोयही आता राहिली नव्हती, तसलं जनावर कोण घेणार? बाबी आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्या संध्याकाळी काकी खळ्यात आली तेव्हा तो इतकंच म्हणाला, "काकी, तुज्या शब्दार रवलंय मी."  काकी तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सभामंडपात ती उभी राहिली आणि म्हणाली, "माप चुकला. माजा माप." लोक तिची समजूत घालू लागले. पातेरो तेंनी भरल्यानी, तुजा काय चुकला, असं म्हणू लागले. ती म्हणाली, "पातेरो तेंनी भरल्यानी. पन इकू नको म्हणान बाबीक कोणी सांगलेला?" 

तिच्या घरची उडवी खरी होती, पण एकच. तिच्यात तिची आणि बाबीची अशा दोन म्हशी पावसापर्यंत निघणार नव्हत्या. मग तिने तेच केलं जे ती इतकी वर्षं दुसऱ्यांना करायला सांगत आली होती. दोडामार्गाकडे तिचा एक मावसभाऊ होता. त्याच्या केळीच्या बागेला बारमाही पाणी, आणि बांधाला हिरवं गवत. तिने आपली मोगरी, चांगली दूध देत असलेली म्हस, त्याला दिली.

सकाळी टेम्पो आला. मोगरी काही केल्या फळीवर पाय ठेवीना. चौघांनी मागून ढकललं, तरी ती जागची हलली नाही. मग काकी स्वतः हातात गवत घेऊन टेम्पोत चढली आणि आत जाऊन नुसती उभी राहिली. मोगरी निमूट तिच्यामागे गेली. काकी कडेने खाली उतरली, तिने फाळका लावून घेतला आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंतही न थांबता घरात गेली. मी आणि सुमनवैनी तिच्या ओटीवर टेकलो. काकीने आबांना चहा आणून दिला. दूध नव्हतं, चहा काळा होता. आता आबा काहीतरी बोलणार म्हणून मी धसकले होते. आबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "बरो झालो हा." मग त्यांनी सगळा कप संपवला. मला त्या माणसाबद्दल इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून काकी रोज सकाळी स्वतःच्या उडवीतलं गवत डोक्यावर घेऊन आमच्या खळ्यात यायची. बाबी शरमून म्हणायचा, "मी हाडतंय गो, तू कित्याक?"  काकी म्हशीसमोर भारा सोडायची आणि म्हस तोंड लावेपर्यंत तिथेच उभी राहायची. हळूहळू म्हशीची कांती परतली. काकीची उडवी मात्र कमी कमी होत खांब दिसू लागला.

त्याच सुमाराला माझी बदली विजयदुर्गाकडे झाली. सामान आदल्या दिवशीच रवाना केलं होतं. मी निघायची त्या सकाळी बाबीची म्हस व्याली. डॉक्टर वेळेवर आले, पण फारसं काही करावं लागलं नाही. मी हात-पाय धुऊन गोठ्यापाशी गेले तेव्हा वासरू जमिनीवर पडलं होतं आणि काकी त्याला गवताच्या बोळ्याने पुसत होती. बाबीचा चेहरा बघून मी घाबरले. वाटलं, म्हशीचं काहीतरी बिनसलं. पण म्हस ठीक होती, वासराला चाटत होती.

"रेडो झालो," बाबी म्हणाला.

रेडा म्हणजे दूध नाही, आणि नांगराला तर आता कुणी जुंपत नाही. गवत तेवढं खाणार. असल्या वासराला तिथे कुणी पोटभर पाजत नाहीत. सगळ्यांच्या गोठ्यात हेच चालतं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. सुमनवैनी चिकासाठी तांब्या घेऊन आली होती. माझ्याबरोबर खरवस द्यायचं तिच्या मनात होतं. ती खाली बसणार तोच काकी म्हणाली, "आज भांडा नको. आदी ह्येका पिवांदे."

"काकी, रेडो तो," बाबी पुन्हा म्हणाला.

"माका डोळे आसत."

"एक तोंड वाढला गो."

"तोंड आसा म्हणान तर पितलो," काकी म्हणाली. तिने वासराच्या पोटाखाली एक हात घालून त्याला उभं केलं. त्याचे पाय लटपटत होते. दुसऱ्या हाताने तिने सड त्याच्या तोंडात दिला.

रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मी गोठ्याच्या दारात उभी राहून म्हटलं, "काकी, निघते हं मी."

"येवा, बाईनू," ती म्हणाली, पण वळली नाही. वळायचं तर तिला सगळं अंग वळवावं लागलं असतं आणि वासरू खाली पडलं असतं. मी आणखी थोडी थांबले. वासराला ठसका लागला, त्याच्या तोंडातून चिकाचा फेस गळत होता, आणि ती त्याला दटावत होती, "सावकास रे मेल्या, सगळा तुजाच आसा."